युफोनियमच्या तोंडाशी

युफोनियम हातात घेऊन एकही पिस्टन न दाबता, नुसता ओठांचा ताण वाढवत वाजवलं तर खालून वर जे स्वर निघतात ते आपल्या कानाला चांगलेच ओळखीचे असतात. सा, प, सा, ग, प, मग एक बेसूर वाटणारा कोमल नी आणि त्यावर तार सा. हे वाद्य बी फ्लॅटचं, म्हणजे पेटीच्या भाषेत काळी पाचचं. सुमारे पावणेतीन मीटर लांबीची पितळी नळी, टेनर ट्रॉम्बोनइतकीच लांब. मात्र ट्रॉम्बोनची नळी बरीचशी एकाच जाडीची, तर युफोनियमची तोंडापासून भोंग्यापर्यंत रुंदावत गेलेली. त्याचा गोल, भरदार आवाज त्या रुंदावण्यातून येतो.

रिकाम्या नळीतला हा गंधार तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधारच आहे. पेटीच्या गंधारापेक्षा तो १४ सेंट उतरलेला असतो. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचे शंभर समान भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. वरचा पंचम हिशेबाने पेटीपेक्षा जेमतेम २ सेंट चढा असायला हवा. प्रत्यक्षात मात्र अनेक नामवंत, महागड्या युफोनियमवर तो वीस-पंचवीस सेंट चढतो, कधी त्याहूनही जास्त. वाजवणाऱ्याला हा स्वर छळतो. वाद्य बदलणं लाखांचं काम, म्हणून तो माउथपीस बदलायला निघतो. माउथपीसकडून सुराच्या बाबतीत काय मिळू शकतं आणि काय मागू नये, हे समजून न घेता केलेली ही खरेदी बहुतेक वेळा वाया जाते.

युफोनियमचा जन्म १८४०च्या दशकातला. वायमारच्या फर्डिनांड झोमरचं नाव १८४३च्या सुमारास त्याच्याशी जोडलं जातं. त्याच दशकात पॅरिसमध्ये अडॉल्फ साक्स आपल्या साक्सहॉर्नचं कुटुंब घडवत होता. पण हे वाद्य रुजलं इंग्लंडमध्ये, गिरण्यांच्या आणि कोळसाखाणींच्या ब्रास बँडमध्ये. यॉर्कशरमधल्या ब्लॅक डाइक गिरणीचा बँड १८५५चा, ग्राइमथॉर्प खाणीचा १९१७चा. या बँडमध्ये युफोनियम म्हणजे पुरुषी गळ्याचा मुख्य गायक. वाद्यवृंदात त्याला क्वचित जागा मिळते, पण गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधल्या ‘मार्स’मध्ये टेनर ट्यूबाचा जो भाग आहे तो बहुधा युफोनियमवरच वाजतो.

इंग्रज कारागिरांनी या वाद्याच्या सुरावर फार मेहनत घेतली. लंडनच्या बूझी कंपनीतल्या डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४मध्ये कॉम्पेन्सेटिंग रचनेचं पेटंट घेतलं. दोन-तीन पिस्टन एकत्र दाबले की नळी हिशेबापेक्षा आखूड पडते आणि सूर चढतो. ब्लेकलींच्या रचनेत अशा वेळी हवा पिस्टनमधून दुसऱ्यांदा फिरते आणि छोट्या जादा वेटोळ्यांमधून कमी पडलेली लांबी भरून निघते. आजही बेसन कंपनीपासून यामाहापर्यंत वरच्या दर्जाची युफोनियम याच तत्त्वावर चालतात. पिस्टनांच्या जोड्यांचा हा दोष वाद्याच्या पोटातच दुरुस्त झालेला आहे, तेव्हा त्यासाठी माउथपीस धुंडाळण्याचं कारण नाही.

आता माउथपीस. आठएक सेंटिमीटरची, बहुधा चांदीचा मुलामा दिलेली पितळी वस्तू. ओठ टेकतात ती गोल कड म्हणजे रिम. आत वाटीसारखा कप. कपाच्या तळाशी घसा, हे सगळ्यात अरुंद भोक. घशापुढे हळूहळू रुंदावत जाणारी आतली पोकळी, तिला बॅकबोअर म्हणतात. बाहेरून निमुळता होत जाणारा भाग शँक, तो वाद्याच्या रिसीव्हरमध्ये बसतो. युफोनियमच्या माउथपीसचा आतला व्यास साधारण साडेचोवीस ते सव्वीस मिलिमीटरांच्या आसपास असतो.

सुरावर सर्वांत मोठी सत्ता कपाची. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनेड यांनी पितळी वाद्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. १९७६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संगीत-ध्वनिशास्त्राच्या ग्रंथात माउथपीसचं काम फार स्वच्छ मांडलेलं आहे. खालच्या स्वरांना कपातली हवा नळीच्या जादा तुकड्यासारखी वाटते. कपात जेवढी हवा मावते तेवढीच हवा मावेल इतका तो तुकडा लांब. स्वर वर जाऊ लागला की हाच तुकडा आणखी लांब भासायला लागतो. किती आणि किती लवकर, हे माउथपीसच्या स्वतःच्या एका स्वरावर ठरतं.

तो स्वर ऐकायला प्रयोगशाळा लागत नाही. माउथपीस वाद्यातून काढा, शँक मोकळा ठेवा आणि कपाचं तोंड तळहातावर सपाट आपटा. ‘पॉक्’ असा छोटा आवाज येतो आणि कान देऊन ऐकलं तर त्याला उंची असते. उथळ कपाच्या माउथपीसचा पॉक् वरचा, खोल कपाचा खालचा. दोन कप सारख्याच खोलीचे असतील आणि एकाचा घसा रुंद असेल तर त्याचा आवाज वर जातो, अरुंद घशाचा खाली येतो. दोन माउथपीस एकापाठोपाठ आपटून पाहिले तर त्यांच्यातला फरक क्षणात कळतो. दुकानात उभं राहून करता येण्यासारखी याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

खोल कप लावला की दोन परिणाम होतात. सगळं वाद्य थोडं उतरतं, ते ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे नळीचा सरकता भाग, आत ढकलून वर आणता येतं. पण वरचे स्वर खालच्यांपेक्षा जास्त उतरतात, आणि हा फरक स्लाइडने भरून निघत नाही. उथळ कपाचं याच्या उलट. वाद्य एकूण चढतं, स्लाइड बाहेर ओढावी लागते आणि वरची पट्टी आणखी चढून बसते. ट्रॉम्बोनसाठी केलेला उथळसा माउथपीस युफोनियमला लावला की तार सप्तकात सूर टोचायला लागतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. दोन्ही वाद्यांची लांबी सारखी आणि अनेकदा शँकही सारखा, म्हणून ही अदलाबदल सहज होते. युफोनियमच्या रुंदावत्या नळीला खोल, मोठ्या पोटाचा कप मानवतो, असं माझं ठाम मत आहे.

पण कपाचा परिणाम सगळ्या पट्टीवर सलग होतो. खालून वरपर्यंतच्या स्वरांचा उतार तो बदलतो, मधलाच एक स्वर उचलून सरळ करत नाही. वरचा पंचम वीस सेंट चढा आहे तो नळीच्या ठरावीक ठिकाणच्या जाडीमुळे. त्याच्या खालचा गंधार तर आधीच १४ सेंट उतरलेला. खोल माउथपीसने पंचम पाच-सात सेंट खाली आला तर शेजारचे स्वरही थोडेथोडे खाली सरकतात. पंचमाचं दुखणं हलकं होतं, जात नाही. म्हणून चांगले वादक तो स्वर चौथा पिस्टन दाबून वेगळ्या मार्गाने काढतात, ओठ किंचित सैल सोडतात, किंवा बेसनच्या प्रेस्टीज मालिकेतल्यासारखं ट्रिगर असलेलं वाद्य घेतात, त्यात अंगठ्याने स्लाइड बाहेर ढकलून तेवढा एक स्वर उतरवता येतो. खरं औषध तिथे आहे.

शँकचा घोळ मात्र पूर्णपणे माउथपीसचा आहे आणि तो निस्तरणं आपल्या हातात आहे. युफोनियमच्या शँकचे तीन आकार चालतात, लहान, मधला आणि मोठा. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये तयार झालेल्या बेसन आणि बूझी अँड हॉक्सच्या युफोनियमना मधला शँक लागे, नंतर मोठा आला. साध्या, विद्यार्थ्यांसाठीच्या वाद्यांना लहान लागतो. मोठ्या रिसीव्हरमध्ये मधला शँक घातला तर तो गरजेपेक्षा आत जातो. मधल्या रिसीव्हरमध्ये मोठा शँक पुरता शिरतच नाही, बाहेर लोंबत राहतो. लांबीचा विचार केला तर एक मिलिमीटर म्हणजे एका सेंटहूनही कमी, म्हणून अनेकांना हे क्षुल्लक वाटतं. पण शँकचं टोक आणि नळीची सुरुवात यांच्यामध्ये जी फट राहते ती नळीच्या सगळ्यात नाजूक जागी असते. तिथे दाब सर्वाधिक बदलतो, त्यामुळे फट वाढली की काही स्वर डळमळू लागतात, एखादा नीट लागतच नाही, आणि वादक बिचारा स्वतःच्या ओठांना दोष देत बसतो.

तपासायची रीत साधी आहे. माउथपीस हलक्या हाताने घालून थोडा फिरवून बसवा आणि रिसीव्हरच्या कडेशी शँकवर पेन्सिलीची रेघ मारा. काढून मोजा. अडीचएक सेंटिमीटर आत गेला असेल आणि हलत नसेल तर जोडी साधारण जुळली असं समजावं. सेंटिमीटरभरच गेला असेल, किंवा आत जाऊनही डुगडुगत असेल, तर कप कितीही उत्तम असो, तो माउथपीस त्या वाद्याचा नाही. खोली थोडी कमी करून फरक पाहायचा असेल तर शँकवर कागदाची पातळ पट्टी गुंडाळून ऐकावं. ही फक्त चाचणी, कायमची सोय म्हणून कागद ठेवू नये.

आकड्यांनीही लोक फसतात. ऑस्ट्रियातून न्यूयॉर्कला आलेल्या व्हिन्सेंट बाख यांनी १९१८मध्ये माउथपीस बनवायला सुरुवात केली. त्यांच्या क्रमवारीत आकडा जितका लहान, तितका माउथपीस रुंद. शिकागोच्या शिल्कीचा हिशेब उलटा, आकडा वाढला की रुंदी वाढते, आणि यामाहाने तीच वाट धरली. डेनिस विक हे १९५७ ते १९८८ लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख ट्रॉम्बोनवादक. त्यांच्या नावाचे माउथपीस ब्रास बँडच्या जगात घरोघरी पोचले आहेत. त्यांच्याकडे लहान आकडा म्हणजे मोठा माउथपीस, आणि शेवटचं अक्षर शँक सांगतं: एल मोठा, एम मधला, एस लहान. इंग्रज युफोनियमवादक स्टीव्हन मीड यांच्यासोबत विक यांनी केलेली एसएम मालिका खास युफोनियमसाठी आहे. पण कंपनी बदलली की आकडा निरुपयोगी होतो. मिलिमीटरमध्ये व्यास आणि खोली विचारावी.

मग सगळ्यात मोठा, सगळ्यात खोल माउथपीस घ्यावा का? नवशिक्याने मुळीच नाही. रुंद रिमच्या आत ओठांचा जास्त भाग कंप पावतो, तो पेलायला स्नायू लागतात. दहा मिनिटांत ओठ थकले की वरचे स्वर आधी उतरतात, मग मुलगा जोर लावून माउथपीस ओठांवर दाबतो आणि तेच स्वर चढतात. सूर वर-खाली झुलतो, आणि ट्यूनरवर पाहणाऱ्याला वाटतं वाद्यच खराब आहे. शिवाय जाड ओठ कपात अधिक शिरतात आणि आतली जागा कमी करतात, त्यामुळे एकच माउथपीस दोन वादकांच्या हाती वेगळा सूर देतो. दुसऱ्याच्या शिफारशीवर विकत घेऊ नका असं मी सांगतो ते यासाठी. सोन्याचा मुलामा की चांदीचा, याचा सुराशी संबंध नाही, ओठांना काय मानवतं एवढाच तो प्रश्न आहे.

परीक्षा मात्र नीट घ्यावी. आधी वाद्य वाजवून गरम करा, कारण आतली हवा एक अंशाने तापली की सूर साधारण ३ सेंट चढतो आणि थंड वाद्यावरची कुठलीही तुलना खोटी ठरते. मग इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी पाचला लावा. मधला सा स्लाइडने मिळवून घ्या आणि नंतर स्लाइडला हात लावू नका. पिस्टन न दाबता खालचा प, ग, वरचा प, तार सा असे स्वर लांबवून वाजवा. आवाज आधी हळू, मग मोठा. तानपुऱ्याशी प्रत्येक स्वर कुठे लहरतो ते ऐका. दुसरा माउथपीस लावा, पुन्हा मधल्या सापासून सुरुवात करा. ट्यूनरचा काटा पाहायचाच असेल तर मित्राला पाहायला सांगा, कारण काटा समोर असला की ओठ नकळत त्याच्या मागे जातात आणि माउथपीसचा खरा स्वभाव झाकला जातो.

एका गोष्टीपुढे कुठलाही माउथपीस हरतो. ब्रिटिश ब्रास बँड १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ए हा स्वर ४५२.५ हर्ट्झला लावत, म्हणजे आजच्या ४४०पेक्षा जवळजवळ पाव स्वर चढा. त्या काळचं, नळी न वाढवलेलं युफोनियम सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळालं तर मोह आवरावा. कपाच्या खोलीने पन्नास सेंट उतरत नाहीत.

आपल्याकडे युफोनियम लष्कराच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये आहे, लग्नाच्या ब्रास बँडमध्येही आहे. १८८५मध्ये सुरू झालेली मेरठची नादिर अली कंपनी देशातल्या बँडना वाद्यं पुरवत आली आहे. अनेक ठिकाणी वाद्य एका पिढीचं, माउथपीस दुसऱ्याच कुठल्या वाद्याचा, अशी जोडी नांदते. बँडच्या प्रमुखांना माझी एवढीच विनंती आहे. नव्या युफोनियमसाठी पैसे जमवण्याआधी पथकातल्या प्रत्येक युफोनियमच्या रिसीव्हरचा आकार एका वहीत लिहून ठेवा, त्यात बसणाराच शँक त्या वाद्यासोबत कायम ठेवा, आणि मुलांना सुरुवात मध्यम रुंदीच्या, पुरेशा खोल कपावर करू द्या. गंधारासाठी आणि वरच्या पंचमासाठी बोटं आणि कान शिकवा, त्यासाठी माउथपीसवर खर्च करू नका.