काशीदच्या वाळूमागे

रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावला आलं की अलिबाग–मुरूड रस्ता एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला डोंगर ठेवत दक्षिणेला निघतो. कोर्लई, बोर्ली, बारशिव मागे पडतात आणि सुरूच्या झाडांतून काशीदची सुमारे तीन किलोमीटरची फिकट वाळू समोर येते. मुंबई-पुण्याच्या गाड्या इथेच थांबतात. शहाळी, भजी, घोड्यावरची रपेट, सूर्यास्ताचे फोटो, आणि रविवारी परतीची घाई. त्या वाळूचं कौतुक कुणी शिकवावं लागत नाही. पण इथे आलेल्याने काही तास समुद्राकडे पाठ करावी आणि डोंगरातून येणारं पाणी कुठून कुठे जातं ते बघत फिरावं, असं मला मनापासून वाटतं.

खुद्द काशीदला नाव घ्यावी अशी नदी नाही. ओढे आहेत. उन्हाळ्यात ते पुलाखाली आहेत हेही ध्यानात येत नाही. जुलै 2021च्या अतिवृष्टीत मात्र काशीदजवळचा जुना पूल रात्रीच्या वेळी कोसळला, एका दुचाकीस्वाराचा जीव गेला आणि मुरूडचा अलिबागशी असलेला सरळ रस्ता तुटला.

एवढं पाणी उतरतं ते फणसाडच्या डोंगरावरून. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं रान. 1986 साली ते अभयारण्य झालं, सुमारे 54 चौरस किलोमीटरचं, मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं. आत जायला सुपेगावची वाट धरावी. समुद्र इतका जवळ असूनही झाडोऱ्यात शिरल्यावर त्याचा मागमूस राहत नाही. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. फणसाडगाण, चिखलगाण अशी त्यांची नावं. भेकर, सांबर, बिबट्या, सगळ्यांचं उन्हाळ्यातलं येणं-जाणं या पाण्याच्या आधाराने चालतं. शेकरू मात्र वरच्या वर, फांदीवरून फांदीवर. ते दिसायचं तर आवाज न करता मान वर करून उभं राहायची तयारी हवी.

मला या रानात सर्वांत ओढ आहे ती गारंबीच्या वेलाची. माणसाच्या मांडीएवढं जाड खोड, झाडाझाडांवर टाकलेले पीळ आणि दोन-तीन हात लांबीच्या शेंगा. शेंगेतली बी हातात घ्यावी: तपकिरी, चपटी, गुळगुळीत, मुठीत मावेल न मावेल एवढी. आत पोकळी असते, म्हणून ती बुडत नाही. पावसाच्या लोंढ्याबरोबर ओढ्यात आली की समुद्रात जाते आणि महिनोन्महिने तरंगूनही रुजायची ताकद राखते. या कुळातले वेल आफ्रिकेपासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरले ते याच जलप्रवासामुळे.

नावाजलेली नदी हवी असेल तर उत्तरेला कोर्लईला जावं. कुंडलिका तिथे समुद्राला मिळते. तिच्या पाण्याची गोष्ट मुळशीपर्यंत पोचते. मुळशी धरणातलं पाणी खरं तर पूर्वेला, भीमेकडे जाणारं. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ते सह्याद्रीवरून भिऱ्याला खाली सोडलं जातं आणि तिथून कुंडलिकेत येतं. ज्या धरणाविरुद्ध 1921 साली मावळचे शेतकरी सत्याग्रहाला बसले आणि सेनापती बापट तुरुंगात गेले, त्याच धरणाचं पाणी कोर्लईच्या किल्ल्याखालून अरबी समुद्रात जातं. पोर्तुगीजांनी हा भाग 1740 साली मराठ्यांना सोडला. तरी कोर्लई गावातल्या ख्रिस्ती घरांत आजही पोर्तुगीज शब्दांची आणि मराठी वळणाची एक स्वतंत्र बोली घरोघर बोलली जाते. तिच्यात क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी येतं. राज्य गेल्यावर पावणेतीनशेहून अधिक वर्षं एका छोट्या गावाने ती मुलांना देत नेली, हे मला किल्ल्यापेक्षा मोठं वाटतं.

काशीदच्या दक्षिणेला नांदगाव. पुष्कळांना ते सिद्धिविनायकाच्या देवळामुळे माहीत असतं. नारळी-पोफळीच्या वाड्यांचं हे गाव. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या पोफळी आडव्या केल्या, आणि पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. याच नांदगावात सोळाव्या शतकात गणेश दैवज्ञ राहत होते. वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेणारे ज्योतिषी. गणेश दैवज्ञांनी शके 1442 म्हणजे इसवी सन 1520 हे आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या पंचांगं त्यावरूनच झाली.

हे काम किती नाजूक होतं ते एका उदाहरणावरून कळेल. कुठल्याही एका सिद्धांतावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. ज्या ग्रहाचं गणित ज्या ग्रंथाने आकाशाशी जुळे, ते तिथून घेतलं. चंद्र सूर्यसिद्धांताचा घेतला, पण त्यातून 9 कला वजा केल्या. 9 कला म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीचा तिसरा हिस्साही नाही. त्यांनी त्रिकोणमितीतल्या ‘ज्या’ (साइन) काढण्याचा खटाटोप टाळला आणि दिवसांची अवजड मोजणी 11 वर्षांच्या, 4016 दिवसांच्या चक्रांत बांधली. त्यामुळे गावोगावच्या जोशीबुवांना पाटीवर गणित करता येऊ लागलं. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी दिवाळीची अमावास्या बहुधा याच गणिताने ठरवलेली पाळली. तरीही नांदगावच्या फाट्यावरून जाणाऱ्या गाड्यांत हे नाव क्वचितच कुणी घेतं. शाळांच्या सहली जंजिऱ्याला जाताना इथे थांबायलाच हव्यात.

किनाऱ्यावर तिथीचं काम आजही चालू आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे मंद भरती, हे कोळीवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: अष्टमीला सहा, पाडव्याला पाऊण. सहा तासांनी ओहोटी पुरी होते. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आणि पाडव्याच्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, आणि जेवण उरकून लोक काशीदच्या पाण्यात उतरतात त्या तीन ते पाचच्या वेळात उधाणाचं पाणी जोराने मागे ओढत असतं. दिवाळीच्या सुट्टीत तिथे असाल तर त्या दोन तासांत पोरांना गुडघ्यापुढे जाऊ देऊ नका.