वेळेआधी आलेली बाळं : लेखांक ६
चुळबुळ बघायची ती कशी?

अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘अजून पालथं पडत नाही, शेजारचं बघा, टेकून बसायला लागलं.’ आईच्या पोटात गोळा येतो. पण हे बाळ बारा आठवडे आधी आलेलं आहे. तेवढे आठवडे वजा केले, तर त्याचं सुधारित वय जेमतेम तीन महिने भरतं आणि तीन महिन्यांच्या बाळानं पालथं पडावं अशी अपेक्षाच नसते. मान सावरायला लागलंय का, एवढंच तेव्हा पाहायचं. पहिली दोन वर्षं हालचालींची प्रत्येक तपासणी याच वयानुसार व्हायला हवी. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, यात गल्लत नको.

बाळ काय करतं याची यादी सगळेच ठेवतात. ते कसं हलतं, याकडे लक्ष वेधलं हाइन्झ प्रेश्टल यांनी. मूळचे ऑस्ट्रियाचे हे डॉक्टर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला काम करत. उताणं पडलेलं, जागं, शांत बाळ कुणी काही न करता आपणहून जे हलतं, त्यात मेंदूची प्रकृती दिसते, असं त्यांनी दाखवून दिलं. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १३० बाळांचा अभ्यास मांडला. ज्या ७० बाळांची चुळबुळ ठीक होती, त्यांतली ६७ पुढे मज्जासंस्थेच्या दृष्टीनं ठीक निघाली. ज्या ६० बाळांत ती नव्हती किंवा वेगळीच होती, त्यांतल्या ५७ जणांना पुढे अडचणी आल्या.

ही चुळबुळ सुधारित वयाच्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात दिसते. मनगटं आणि घोटे बारीक गोल फिरतात, मान हलकेच इकडेतिकडे होते, खांदे, कंबर, बोटं सगळं थोडंथोडं आणि सगळ्या दिशांनी हलत राहतं. झटका नाही, ताठरपणा नाही. बाळ रडायला लागलं की हे थांबतं, म्हणून रडणाऱ्या बाळाचं चित्रण उपयोगाचं नाही. दुपटं काढा, अंगात पातळ झबलं असू द्या, हातपाय मोकळे ठेवा. चोखणी नको, खुळखुळा नको, आजीनं ‘अले माझ्या बाळा’ म्हणणंही तेवढा वेळ नको. चेहऱ्यासह सगळं अंग दिसेल असं वरून तीन ते पाच मिनिटं मोबाइलवर टिपा. त्याचा अर्थ मात्र प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनीच लावायचा. घरी बसून निदान करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एका चित्रफितीवर निकाल लागत नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये तयार झालेली २६ मुद्द्यांची, ७८ गुणांची तपासणी तिच्या जोडीला असते. नजर, बसण्याची ढब, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त क्रिया असं सगळं तीत येतं. गरज असेल तर एमआरआय. या तिन्हींची सांगड घातली, तर सेरेब्रल पाल्सीचा धोका सुधारित वयाच्या पाच महिन्यांच्या आतच ओळखता येतो.

पूर्वी, आणि अजूनही काही ठिकाणी, ‘वर्षभर थांबू, आपोआप येईल’ असं सांगितलं जातं. मला हा सल्ला घातक वाटतो. मेंदू सर्वांत वेगानं घडत असतो तो काळ त्यात निघून जातो. उलट बाजूही आहे: अपुऱ्या दिवसांची काही बाळं पहिल्या वर्षात पायांनी ताठ होतात, मान मागे टाकतात आणि वाढदिवसापर्यंत पुष्कळशी सैल होतात. म्हणूनच तपासणी पुन्हा पुन्हा हवी. घाबरून एकदाच किंवा निर्धास्त होऊन एकदाच, दोन्ही चूक.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. सुधा चौधरी यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा थेट अठराव्या वर्षापर्यंत केला. आपल्याकडे एवढी चिकाटी दुर्मीळ. पालकांना तेवढं जमावं लागत नाही, पण एनआयसीयूतून सुटी होताना मिळालेल्या फाईलमधल्या पुढच्या तारखा पाळाव्यात, बाळ ठणठणीत दिसत असलं तरी. आणि तोवर पांगुळगाडा विकत आणू नये. तो चालणं लवकर आणत नाही, अपघात मात्र घडवतो.

पुढच्या आठवड्यात : बडोद्यात तयार झालेली भारतीय बाळांसाठीची मोजपट्टी, ‘डॅसी’.