दूरच्या टेबलला हात लावताना

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरला 'लिंक्ड सर्व्हर' जोडला, की दुसऱ्या मशीनवरचं टेबल अगदी घरचंच वाटू लागतं. नाव फक्त चार भागांत लिहायचं: सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा, टेबल. इन्सर्ट, अपडेट, डिलीट सहसा विनातक्रार चालतात. पण त्याच नावावर ट्रंकेट किंवा ऑल्टर टेबल चालवून पाहा. 117 क्रमांकाची एरर येते: नावाआधी जास्तीत जास्त दोनच उपसर्ग चालतात. हा संदेश नवख्याला हमखास चकवतो. तो बिचारा स्पेलिंग तपासत बसतो. खरं कारण वेगळं आहे. टेबलाची घडण बदलायची किंवा ते एका फटक्यात रिकामं करायचं, तर हुकूम त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवरच चालावा लागतो. मर्जचंही तसंच, ज्यात बदल करायचा ते टेबल स्थानिकच हवं.

यावर वाट आहे. 'एक्झिक्यूट' आणि 'अ‍ॅट' वापरून सगळा हुकूम मजकूर म्हणून पलीकडे पाठवायचा. 2005च्या आवृत्तीपासून ही सोय आहे. त्यासाठी लिंकच्या सेटिंगमध्ये 'आरपीसी आउट' चालू लागतं, आणि पलीकडच्या लॉगिनला तेवढी परवानगीही. ती मात्र सढळ हाताने देऊ नका. कारण ट्रंकेटला 'व्हेअर'ची अट लावता येत नाही, अख्खं टेबलच रिकामं होतं.