हँडिकॅपर कुठे चुकेल?
रेसची बाराखडी : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण एका घोड्याच्या नावापुढचे आकडे वाचले. मागच्या रेसमध्ये कितवा आला, किती लेंग्थने (घोड्याच्या लांबीने) हरला, पाठीवर किती वजन होतं, हे आता तुम्हांला वाचता येतं. या वेळी आख्खं कार्ड हातात घेऊ. पुण्याचा पावसाळी मोसम, रविवार, आठ रेस, सगळे मिळून सत्तर-ऐंशी घोडे. आठही विजेते सांगायला निघालेला माणूस बहुतेक पहिल्यांदाच रेसकोर्सवर आलेला असतो. मुरलेला गडी आधी पेन्सिल काढून तीन-चार रेस खोडून टाकतो.

खोडायच्या त्या अशा. एक, जिच्यात निम्मे घोडे आजच पहिल्यांदा पळणार आहेत. त्यांच्याबद्दल बाप कोण, आई कोण आणि सकाळच्या सरावाच्या वेळा, एवढीच माहिती असते. दुसरी, अगदी तळच्या वर्गाची. तिथे आज हा त्याला हरवतो, पंधरा दिवसांनी तो याला, आणि दोन्ही वेळा कारण सापडत नाही. उरल्या चार-पाच रेस. त्यांतल्या बहुतेक हँडिकॅप असतात, म्हणून आजचा मुख्य माणूस जॉकी नाही, ट्रेनरही नाही. तो आहे रेस भरवणाऱ्या क्लबचा हँडिकॅपर.

हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो. त्यावरून वर्ग ठरतो: चौथा वर्ग २० ते ४६, तिसरा ४० ते ६६, दुसरा ६० ते ८६ आणि ८० च्या वर पहिला. रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो वजन. म्हणजे एकाच रेसमध्ये ४४ चा घोडा आणि २४ चा घोडा उतरले, तर पहिल्याच्या पाठीवर दहा किलो जास्त. जॉकी हलका असेल तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशात शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात आणि रेस संपल्यावर त्याला खोगिरासकट पुन्हा काट्यावर उभं करतात. हँडिकॅपरचं स्वप्न एकच, सगळे घोडे एका रेषेत शेवटच्या खांबापाशी यावेत. तुम्हांला शोधायचं आहे ते त्याचं स्वप्न आज कुठे मोडेल.

एक उदाहरण घ्या. मागच्या महिन्यात १६०० मीटरला ‘अ’ आणि ‘ब’ सारख्या वजनाने पळाले आणि ‘अ’ दोन लेंग्थने जिंकला. हँडिकॅपरने त्याचं रेटिंग सहाने वाढवलं, ‘ब’चं होतं तेच ठेवलं. आज दोघे पुन्हा समोरासमोर, ‘अ’वर तीन किलो जास्त. या अंतराला एक किलो म्हणजे साधारण एक लेंग्थ असा ठोकताळा आहे (१२०० मीटरला एका लेंग्थला दीडेक किलो लागतं). म्हणजे कागदावर आज ‘ब’ एका लेंग्थने पुढे. स्टँडमधली गर्दी मात्र ‘मागच्या वेळी हरवलंय त्याला’ म्हणत ‘अ’वर तुटून पडते. पण थांबा. मागच्या रेसचं चित्रण बघा. शेवटच्या दोनशे मीटरात ‘अ’च्या जॉकीने चाबूक बाहेर काढला होता का? तो नुसता बसून आला असेल, तर ते दोन लेंग्थ खोटे. खरे चार असतील, पाचही असतील, आणि मग तीन किलो त्याला जड नाहीत.

आणखी एक गंमत. ४४ चा घोडा चौथ्या वर्गात जिंकून ५२ वर गेला की लोक म्हणतात, आता वरच्या वर्गात याचं काही खरं नाही. पण चौथ्या वर्गात तो जवळजवळ सगळ्यांत जड होता. तिसऱ्यात तोच ६६ च्या घोड्यापेक्षा सात किलो हलका. सुधारत चाललेला तीन वर्षांचा घोडा असेल तर मी अशा ठिकाणी हमखास थांबून विचार करतो.

हँडिकॅपर झालेल्या रेसवरून रेटिंग देतो, होणाऱ्या रेसवरून नाही. म्हणून जे अजून घडलेलंच नाही, तिथे तो आंधळा. बाराशे मीटरला शेवटी धावत येऊन चौथा आलेला घोडा आज पहिल्यांदा सोळाशेला उतरतोय. लांब सुट्टीनंतर कोणी परततोय. कोणाला आज पहिल्यांदा ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूची झापडं) लावलेत. आणि पुण्यात सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे जमीन.

मुंबईचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. महालक्ष्मीचं गवत तेव्हा कोरडं, कडक. पुण्यात जुलैपासून सुरुवात, आणि एका रात्रीत ट्रॅकचा चिखल होऊ शकतो. रेसच्या दिवशी पेनेट्रोमीटर घेऊन माणसं ट्रॅकवर ठिकठिकाणी फिरतात: ठरावीक उंचीवरून वजन सोडायचं, खालची सळई गवतात किती रुतली ते मोजायचं, सरासरी काढून जाहीर करायची. आकडा मोठा म्हणजे जमीन मऊ. तो आकडा बघितल्याशिवाय निवड करणं म्हणजे विकेट न बघता अकरा खेळाडू ठरवणं. लांब टांग टाकणारे घोडे मऊ जमिनीत घसरतात, धाप लागते. काही घोडे मात्र चिखलातच उमलतात. मागच्या पावसाळ्यात ओल्या ट्रॅकवर कोण वर आलं होतं, ते जुन्या निकालांत शोधा. आदल्या हिवाळ्यातल्या मुंबईच्या वेळा आज जवळजवळ निरुपयोगी.

सकाळच्या सरावाच्या वेळा पेपरात येतात: ‘८००/५२, ६००/३८, सहज’. शेवटचे आठशे मीटर ५२ सेकंदांत, त्यातले सहाशे ३८ मध्ये. नवखा माणूस आकड्याकडे बघतो, वाचायचा असतो तो शेवटचा शब्द. दामटून काढलेल्या ३७ पेक्षा सहज आलेले ३८ मला केव्हाही चालतात. पाठीवर कोण होतं हेही बघा. सरावाच्या पोराचं वजन आणि रेसचं वजन यांत पाच-सात किलोंचा फरक सहज असतो.

मग पॅडॉक. सईस लगाम धरून घोडे फिरवत असतो तेव्हा बहुतेक लोक बुकींच्या भावांकडे धावतात. तुम्ही कठड्यापाशी उभे राहा. मानेवर थोडा घाम असला तर बिघडत नाही, पुण्याची हवाच दमट. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस जमलाय, शेपूट सारखी फटकारतेय, सईसाला दोन्ही हातांनी लगाम ओढावा लागतोय, तर त्या घोड्याची निम्मी रेस इथेच पळून झाली. चांगल्या तब्येतीचा घोडा चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या खुणेपलीकडे टाकतो. केस चकाकतात, पोट आत, कान आळीपाळीने पुढेमागे. घोडा लठ्ठ दिसला तर ट्रेनर त्याला पुढच्या रेससाठी तयार करतोय, आजच्या नाही.

एवढं करून प्रत्येक रेसमध्ये दोन-तीन नावं उरतात. त्यांतून एक काढताना भाव बघावाच लागतो. टोटचा डिव्हिडंड दहा रुपयांवर सांगतात. ३२ म्हणजे दहाचे बत्तीस, म्हणजे लोकांच्या मते घोड्याच्या जिंकण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या आसपास. तुमच्या हिशेबाने ती चाळीस असेल तरच तो घोडा तुमचा. काही नावांचा भाव आपोआप पडतो. पेसी श्रॉफ जॉकी म्हणून आठ इंडियन डर्बी जिंकले आणि मग ट्रेनर झाले. त्यांच्या तबेल्याचा घोडा उतरला की पैसा आधी तिकडे वाहतो. घोडा चांगला असतोही, पण त्या भावाला क्वचितच परवडतो.

आणि वर कर. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ ठरवला. सरकारने मात्र लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी बसवला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० वर नेला. जिंकलेल्या नव्हे, लावलेल्या रकमेवर. एवढा कर भरून वर्षाअखेर पैसे राखणं, हे माझ्या मते कितीही अभ्यासू माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून ही लेखमाला वाचणाऱ्यांनी निवड वहीत लिहावी, खिशाला हात लावू नये.

वहीत रेसनिहाय नाव, कारण आणि भाव लिहा. कारण एका ओळीत मावलं नाही तर ती रेस खोडायच्या यादीत टाका.

पुढच्या लेखांकात याच्या अगदी उलटी रेस घेऊ: फेब्रुवारीतली इंडियन डर्बी. १९४३ पासून चालत आलेली, चार वर्षांच्या घोड्यांची, २४०० मीटरची. तिथे रेटिंगप्रमाणे वजन लादलं जात नाही, फक्त फिलींना (तरुण घोड्यांना नव्हे, घोडींना) थोडी सूट मिळते. १९ पैकी १८ रेस जिंकणारा स्क्वांडरर अशाच रेसमध्ये का ओळखता येतो, आणि सोळाशे मीटरचा गिनीज जिंकलेला घोडा चोवीसशेला कुठे थकतो, ते तेव्हा पाहू.