गस्टनचे बुरखे

अमूर्त चित्रकलेचा एखादा मान्यवर साधक अकस्मात आकृतीकडे वळला, की त्याने कलानिष्ठा सोडली असे ठरविण्याची टीकाकारांना घाई होते. फिलिप गस्टनच्या वाट्याला नेमके हेच आले. १९५० नंतरच्या दशकात गुलाबी-तांबड्या रंगांच्या तरल, थरथरत्या फटकाऱ्यांमुळे त्याचे नाव पोलॉक, डी कूनिंग यांच्या बरोबरीने घेतले जाई. १९७० साली न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत मात्र रसिकांपुढे आले ते शंकूच्या आकाराचे बुरखे पांघरून मोटारीतून हिंडणारे, चिरूट ओढणारे ठेंगू पुरुष. व्यंगचित्रास शोभेल अशा जाड, ओबडधोबड रेषेने काढलेले. हिल्टन क्रेमर या समीक्षकाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून त्याची निर्भर्त्सना केली. मॉर्टन फेल्डमन या संगीतकाराशी असलेला जुना स्नेहही तुटला.

वस्तुतः हे बुरखे नवे नव्हते. १९१३ साली माँट्रिऑल येथे, ओडेसाकडून आलेल्या यहुदी कुटुंबात जन्मलेला गस्टन लॉस एंजेलिसमध्ये वाढला. कू क्लक्स क्लॅनचे बुरखेधारी त्याने १९३० च्या सुमारासच रेखाटले होते. १९३४-३५ मध्ये मेक्सिकोतील मोरेलिया येथे रूबेन कॅडिशसमवेत रंगविलेल्या भित्तिचित्रातही ते आहेत. तेथे त्यांना इटालियन प्रबोधनकालीन चित्रांतल्यासारखी घनता आहे, आणि ते सर्वस्वी परके आहेत: अत्याचारी ते, साक्षी चित्रकार. १९६९ च्या ‘द स्टुडिओ’ या चित्रात हे अंतरच नाहीसे होते. बुरखेधारीच हाती कुंचला घेऊन आपले व्यक्तिचित्र रंगवीत बसला आहे. तरुणपणी गोल्डस्टाइन हे आडनाव टाकून गस्टन झालेल्या कलावंताने हा बुरखा स्वतःवर ओढून घ्यावा, हे आत्मपरीक्षण निष्ठुरच म्हटले पाहिजे. या चित्रातला उघडा विजेचा दिवाही जुनाच. लहानपणी कपाटात बसून अशाच दिव्याखाली तो चित्रे काढीत असे.

शिवाय अमूर्ताची वीस वर्षे वाया गेली नव्हती. तोच गुलाबी, तोच ओला, दाट रंग, कॅनव्हासवर आकारांची तीच दाटी. फक्त त्या आकारांना आता बूट, घड्याळे, विटा अशी नावे देता येऊ लागली. क्रेमरला रेषेतला गावंढळपणा दिसला, रंगातले सातत्य दिसले नाही.

बुरख्यांची धास्ती पुढेही ओसरली नाही. गस्टन १९८० साली वारला. त्यानंतर चाळीस वर्षांनी, २०२० मध्ये, चार संग्रहालयांनी त्याचे मोठे प्रदर्शन २०२४ पर्यंत लांबणीवर टाकले. कलावंतांनी निषेध केल्यावर ते २०२२ मध्ये बॉस्टन येथे उघडले. गस्टनने स्वतः मात्र बुरखा केव्हाच उतरविला होता. १९७३ च्या ‘पेंटिंग, स्मोकिंग, ईटिंग’मध्ये चित्रकार अंथरुणात पडून आहे, ओठांत सिगारेट, छातीवर खाण्याची बशी, मागे बुटांचा ढीग, आणि डोळा सताड उघडा.