परड्यातली तवशी-भोपळे वाया घालवू नका. पण रांधण्याआधी टोक चाखा

मिरगाला लावलेले वेल श्रावण-भाद्रपदात एकदमच धरतात. मांडवावर पडवळ आणि शिराळी, कुंपणावर दुधी, गायरीच्या कडेला भोपळा आणि पानाआड लपून राहिलेलं हातभर तवसं. पहिले आठ दिवस घरात कौतुक असतं. नंतर रोज तीच भाजी म्हणून पोरं ताटावर नाक मुरडतात. शेजारी वाटावं तर त्यांच्याकडेही तेच. आठवडा बाजारात न्यावं तर सगळ्यांनी तेच आणलेलं, रिक्षाचं भाडंसुद्धा सुटत नाही. शेवटी बरंचसं गुरांपुढे जातं आणि पोरांसाठी दुकानातून केक-बिस्किटांचे पुडे येतात.

कोकणातल्या जुन्या घरांत एका वेलाचे चार-पाच पदार्थ व्हायचे. फुलाचा वेगळा, कोवळ्या फळाचा वेगळा, जून फळाचा वेगळा, साल आणि बी यांचाही वेगळा. त्यातले सोपे प्रकार इथे देत आहोत. मात्र त्याआधी एक गोष्ट, कारण तिथे जिवाशी गाठ आहे.

आधी टोक चाखा

दुधी, तवसं, काकडी, भोपळा, शिराळं, घोसाळं यातलं काहीही चिरायला घेतलं की देठाकडचा एक बारीक तुकडा कापून जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका, चूळ भरा आणि ते फळ तिथेच बाजूला काढा. गुरांनाही घालू नका.

या वेलांत कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. खाण्याच्या जातींत ते अगदी थोडं असतं, म्हणून फळ गोड लागतं. काही फळांत मात्र ते फार वाढतं. शिजवल्याने ते जात नाही. मीठ, गूळ, चिंच घातली तर चव झाकली जाते, विष तसंच राहतं. जर्मनीत २०१५ मध्ये घरच्या बागेतल्या कडू भोपळीची शिजवलेली भाजी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला होता.

आपल्याकडे जास्त धोका दुधीच्या रसाचा. वजन, साखर कमी होईल म्हणून बरेच जण सकाळी उपाशीपोटी कच्चा रस पितात. त्यात एका पेल्यात अख्खा दुधी जातो आणि कडू लागला तरी ‘औषध कडूच असतं’ म्हणून घोट गिळला जातो. कडू रसामुळे देशात मृत्यू झालेले आहेत. आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने याचा अभ्यास करून कडू दुधीचा रस अजिबात पिऊ नये, असंच सांगितलं आहे. दुसऱ्या रसात मिसळूनही पिऊ नये, कारण मग कडूपणा कळत नाही.

खाल्ल्यानंतर थोड्या वेळात मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा, चक्कर असा त्रास सुरू झाला तर घरगुती उपाय करत बसू नका. उलटीत रक्त पडणं, रक्तदाब एकदम खाली जाणं असंही होतं. यावर उतारा असं औषध नाही. सलाईन लावून रुग्णाला सांभाळावं लागतं. म्हणून लगेच दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

कारल्याची गोष्ट वेगळी. त्याचा कडूपणा दुसऱ्या द्रव्याचा असतो, ते कडू असणारच.

कडूपणा येतो कुठून?

‘कारल्याशेजारी लावला म्हणून दुधी कडू झाला,’ असं गावागावांत ऐकायला मिळतं. ते खरं नाही. कारलं आणि दुधी यांचा संकर होत नाही. दुधीचा संकर होतो तो रानटी कडू दुधीशी, ज्याचा तुंबा करतात त्याच्याशी. फळाचा गर हा आईवेलाचा असतो. त्यामुळे यंदा संकर झाला तरी यंदाचं फळ गोडच लागतं. बिघाड असतो तो आतल्या बियांत, आणि तो दिसतो पुढच्या वर्षीच्या वेलाला. म्हणून गायरीवर आपोआप उगवलेल्या वेलावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कडक ऊन, पाण्याची ओढ यामुळेही कडूपणा वाढतो.

फूल तोडा, पण नर

भोपळ्याच्या फुलांची भजी सगळ्यांना आवडतात, पण फुलं तोडली तर भोपळे कसे लागणार अशी भीती असते. फुलाखाली बघा. लांब बारीक देठावर नुसतं फूल असेल तर ते नर. फुलाच्या बुडाशी सुपारीएवढा गोळा असेल तर ते मादी, त्याला हात लावू नका. नर फुलं कितीतरी जास्त येतात. वेलावर तीन-चार राखून बाकीची खुशाल तोडा.

फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. मधमाश्यांचं काम सकाळीच उरकतं, तेव्हा त्यानंतर तोडलेलं बरं. आतला दांडा आणि बाहेरची हिरवी पाकळी काढा, मुंग्या-किडे बघून घ्या. बेसनात थोडं तांदळाचं पीठ, तिखट, हळद, मीठ घालून फूल बुडवून तळा. झड लागून मधमाश्या फिरकल्या नाहीत की मादी फुलाचा गोळा पिवळा पडून गळतो. अशा वेळी सकाळी नर फुलाचा दांडा मादी फुलाच्या आत अलगद फिरवला की फळ धरतं.

साल आणि बी टाकू नका

शिराळ्याच्या शिरा किंवा दुधीची साल बारीक चिरून चमचाभर तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता. तीळ, सुकं खोबरं, लसूण, सुकी मिरची, मीठ घालून जाडसर वाटा. ही कोरडी चटणी तीन-चार दिवस राहते. पडवळाच्या कोवळ्या बिया भाजून ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि चिंचेबरोबर वाटल्या की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

जून तवशाचं धोंडस

पिवळं-तांबूस, जून झालेलं तवसं कोशिंबिरीला चालत नाही. धोंडसाला तेच लागतं. हा आपला भट्टीशिवायचा केक. मैदा नाही, अंडं नाही.

१ वाटी तांदळाचा रवा चमचाभर तुपावर मंद भाजून घ्या. तवशाची साल आणि आतला बियांचा गर काढून २ वाट्या कीस घ्या, सुटलेलं पाणी फेकू नका. कीस, पाणी आणि पाऊण ते १ वाटी गूळ एकत्र उकळा. त्यात अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, थोडी हळद, वेलची आणि शेवटी रवा घालून घट्ट होईपर्यंत हलवा.

जाड बुडाच्या टोपाला तूप लावून हळदीचं पान पसरा आणि मिश्रण थापा. चुलीवर असेल तर खाली बारीक विस्तव आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. गॅसवर असेल तर खाली जाड तवा ठेवून त्यावर झाकलेला टोप, मंद आच. कुकरही चालतो, पण शिट्टी आणि रबर काढून, पाणी न घालता, तळाला मीठ किंवा वाळू पसरून त्यावर भांडं ठेवायचं. पाऊण तासाने सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं.

तांदळाचा रवा आहे, तेव्हा गव्हाच्या केकसारखं फुगणार नाही. गरम असताना कापलं तर चुरा होतो. पूर्ण निवल्यावर वड्या पाडा. ओलं खोबरं असल्याने दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

पिकलेला भोपळा: घारगे आणि साठवण

२ वाट्या लाल भोपळ्याचा कीस आणि १ वाटी गूळ पाणी न घालता शिजवा. मीठ आणि चमचाभर तापलेलं तेल घाला. निवल्यावर मावेल तेवढी कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ घालून घट्ट मळा. केळीच्या पानावर थापून मध्यम आचेवर तळा. मळताना पाणी घातलं नाही तर घारगे तीन-चार दिवस टिकतात आणि पोरांच्या डब्याला होतात. लाल भोपळ्याचा रंग बीटा-कॅरोटीनचा, त्यापासून शरीराला अ जीवनसत्त्व मिळतं.

भोपळा साठवायचा असेल तर देठ सुकेपर्यंत वेलावर ठेवा. सालीत नख रुतलं नाही तर तो पिकला. चार बोटं देठ ठेवूनच कापा आणि माळ्यावर कोरड्या गोणपाटावर एकमेकांना न लागता मांडा. देठ मोडलेला किंवा ओरखडा पडलेला आधी वापरा. असे भोपळे कित्येक महिने राहतात.

बी राखताना

बी ठेवायचं ते गोड फळाचंच, आणि आजूबाजूला कडू दुधी असेल तर त्या परड्यातल्या दुधीचं बी धरू नका. पुढच्या वर्षी प्रत्येक वेलाचं पहिलं फळ चाखा. कडू निघालं तर तो वेल उपटून टाका, दुसऱ्या फळाची वाट बघू नका. वेलांवर औषध मारलं असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय फूल, फळ काहीच तोडू नका.