डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली : देवनागरी नोंदींवरील मर्यादा
मोठ्या संस्थांच्या नोंदी सांभाळणाऱ्या प्रणालींत मजकुराच्या स्तंभाची कमाल लांबी आधीच ठरवावी लागते. ओरॅकल प्रणालीत ती सामान्यतः बाइटांत मोजतात. यूटीएफ-८ संकेतनात रोमन अक्षरास १, तर देवनागरीतील प्रत्येक व्यंजनास व स्वरचिन्हास ३ बाइट लागतात. त्यामुळे ‘सोलापूर’ हे स्थलनाम रोमन लिपीत ७ बाइटांत मावते. देवनागरीत ४ व्यंजने व ३ स्वरचिन्हे मिळून २१ बाइट होतात आणि २० बाइटांचा स्तंभ ते नाकारतो. इंग्रजीसाठी आखलेल्या तक्त्यांत मराठी व्यक्तिनामांपुढेही हाच अडसर येतो. लांबी चिन्हसंख्येत ठरविल्यास तो दूर होतो. तथापि ४,००० बाइटांची, म्हणजे १,३३३ देवनागरी चिन्हांची, कमाल मर्यादा उरतेच. २०१३ मधील आवृत्तीपासून ती विशेष मांडणी करून ३२,७६७ बाइटांपर्यंत वाढविता येते.